मदत हवी आहे: 'दोन माद्या' म्हणून आणलेले गिनीपिग नर-मादी निघाले, पिल्लं येणार आहेत. वेगळं कधी करू, कसं करू?

नमस्कार. मी नागपूरची, त्रिमूर्तीनगरला राहते. अडीच महिन्यांपासून आमच्या घरी दोन गिनीपिग आहेत आणि त्यांच्यासाठी लवकरात लवकर सल्ला हवा आहे. पोस्ट लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता यायचं नाही.

संक्रांत झाल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, लेकीच्या वाढदिवसाला ही दोघं घरी आली. लेक सातवीत आहे. गिनीपिग कळपात राहणारं जनावर, एकटं ठेवू नये, एवढं आम्ही आधी वाचलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटं ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. हे लेकीने बाबांना वाचून दाखवलं आणि एकाऐवजी दोन घ्यायला लावले. दुकानात मी दोनदा विचारलं, दोन्ही माद्याच ना? "हो ताई, दोन्ही फीमेल, बिनधास्त न्या." दोन-दोन महिन्यांची आहेत म्हणाला. एक पांढरी, अंगभर काळे ठिपके, ती तिळी. दुसरी तपकिरी, ती भुरी.

दुकानदाराने सोबत दिलेला पिंजरा दोन फूट बाय दीड फुटाचा, आणि तळालाही तारेची जाळी. आठवडाभरात भुरीचे तळपाय लाल दिसायला लागले. तो पिंजरा त्याच दिवशी माळ्यावर गेला. नवऱ्याने हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवरच चार फूट बाय अडीच फुटाचं कुंपण केलं. खाली वर्तमानपत्रं, वर जुनी सोलापुरी चादर, रोज झटकायची आणि दोन दिवसांआड धुवायची. लपायला दोन खोके, प्रत्येकाला दोन-दोन दारं कापलेली, म्हणजे एकीने दुसरीला कोंडायला नको. पाण्याच्या दोन बाटल्या. तिथे दोघं छान रमली. सकाळी मी भाजी निवडायला बसले आणि सांबाराची जुडी (कोथिंबीर हो, आमच्याकडे सांबारच म्हणतात) पिशवीतून काढली की नुसत्या पिशवीच्या आवाजाने दोघं कुंपणाला पुढचे पाय टेकवून उभी राहतात आणि 'वीक वीक' करून घर डोक्यावर घेतात.

मार्चमध्ये भुरी वेगळंच काही करायला लागली. मागचा भाग डुलवत, घशातून घुर्र घुर्र असा आवाज काढत तिळीभोवती हळूहळू फिरायची. मला वाटलं, खेळतात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून मी दोघांचं वजन वहीत लिहिते. मार्चच्या शेवटी भुरी ७९० ग्रॅम, तिळी ९४०. पुढच्या रविवारी तिळी १०१०. खाते चांगली म्हणून आम्ही खूश होतो.

परवा, म्हणजे १० एप्रिलला, दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भुरीला तळहातावर उताणं धरून पोटाच्या खाली बोटाने जरासं दाबलं आणि म्हणाले, हा नर आहे. मग तिळीच्या पोटावर दोन बोटं ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा हात धरून तिथे ठेवला. आतून काहीतरी सरकलं, गुळगुळीत, लिंबाएवढं. "दोन तरी आहेत, तीनही असतील. दोन आठवडे धरून चला." त्यांच्याकडे कुत्री, मांजरी, गाई जास्त येतात, गिनीपिगची बाळंतपणं फारशी केलेली नाहीत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मला ते आवडलं. पण म्हणूनच इथे विचारते आहे.

गाडीत लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग भुरीला आता काय म्हणायचं?" तर आता तो भुऱ्या.

माझी खरी अडचण अशी. भुऱ्याला वेगळं करावं लागणार हे कळतं. पण कधी? बाळंतपणाआधी की नंतर? परवा संध्याकाळी करून पाहिलं, दहा मिनिटांसाठी मध्ये जाळी उभी केली. तिळी जाळीला नाक लावून बसली, तो पलीकडून जाळी चावत राहिला. लेक रडायला लागली, मी जाळी काढली. सासूबाईंचं म्हणणं, "एका घरात राहून राहिले तं राहू दे नं, कायले तोडतं वं जोडी? पोराबाळांत बापाले कोण हाकलते?" त्यांचं मन मोडवत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही मन तेच म्हणतं. एकटं राहू नये म्हणून तर दोन आणले. आता ज्याला काढेन तो एकटा पडेल.

दुसरं, ऊन. नागपूरचं ऊन सांगायला नको. आत्ताच पारा ४१-४२ आहे, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) पुढे आहे. हॉलमध्ये कूलर आहे, पण दुपारी खोली ३२-३३ च्या खाली येत नाही. एसी एकाच खोलीत आहे. दोन कुंपणं एकाच खोलीत ठेवली तर चालेल का?

तिसरं, खाणं. टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मागवते, पण महाग पडतात. घराजवळच्या मैदानातली हरळी मी धुऊन देते. पोटुशीला आणखी काय द्यावं? सासूबाई प्रेमाने पोळीचा तुकडा टाकतात. त्यांना नाही कसं म्हणू, आणि म्हणायला हवं का?

ज्यांनी पाळले आहेत त्यांनी कृपया लिहा.

———

खारूताई:

ताई, आजच वेगळं करा. उद्या नाही, आज. कारण सांगते. गिनीपिगची मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. दोन तासांतसुद्धा. नर तिथे असला तर अंगावर पिल्लं पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. मग सव्वादोन महिन्यांनी परत बाळंतपण, आणि त्यात तिच्या हाडांतली ताकद पोटातली पिल्लं नेतात. माझ्या पहिल्या मादीचं असंच झालं. दुसऱ्या खेपेनंतर ती उभी राहिली नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे. बाळंतपण कधी होईल याचा तास तुम्हाला कळणार नाही. बहुतेकदा सकाळी उठून पाहावं तर पिल्लं पळत असतात.

आणि जोडी तोडायची नाही. मध्ये जाळी ठेवा, त्यांना एकमेकांचा वास येऊ दे, नाक लावू दे. जाळी चावणं दोन-तीन दिवसांत थांबतं. त्याचं गवत आणि तिचं गवत जाळीच्या दोन बाजूंना लगटून ठेवा, म्हणजे खाताना शेजारी बसतील. फक्त जाळीची भोकं बारीक हवीत आणि उंची दीड फूट तरी हवी. प्रेमात पडलेला नर एक फुटाचं कुंपण ओलांडतो, मी पाहिलंय.

———

कडुनिंब:

खारूताईंशी पूर्ण सहमत. पुढचं सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे: एकटं कुणाला पाडायचं नाही.

पिल्लं झाली की पहिल्या आठवड्यातच नर-मादी ओळखून ठेवा. मादीचं चिन्ह इंग्रजी वायसारखं दिसतं, नराचं आयसारखं, वर टिंब. खात्री नसेल तर डॉक्टरांकडून पाहून घ्या, दुकानदाराकडून नको. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून काढायचीच, एकविसाव्या दिवशी. त्या वयात ती आईला आणि बहिणींना गाभण ठेवू शकतात. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण तसंच आहे. आता ती काढलेली नर पिल्लं कुठे जातील? बापाकडे. बाप आणि एक लहान मुलगा ही नरांची सगळ्यात चांगली जमणारी जोडी. मुली आईजवळ कायम राहू शकतात. म्हणजे तुमच्या घरात दोन जोड्या होतील आणि एकटं कुणी नाही.

पण बापाकडे एकच मुलगा द्या. तीन नर एका कुंपणात मी दोनदा ठेवून पाहिले, दोन्ही वेळा रक्त निघालं. तीन-चार महिन्यांचा झाला की मुलगा बापाशी थोडा वाद घालेल. गुरगुर, दात वाजवणं, पाठीवर चढणं, मान वर करून समोरासमोर उभं राहणं, एवढं होऊ द्या, हात घालू नका. प्रत्येक वेळी वेगळं केलंत तर भांडण कधीच मिटत नाही. दोघं एकमेकांना धरून चेंडूसारखे लोळायला लागले किंवा रक्त दिसलं तरच काढा, आणि तेव्हा उघडा हात घालू नका, टॉवेल टाका. नरांच्या जोडीला जागा जास्त लागते, तुमचं दहा चौरस फुटांचं कुंपण त्यांना द्या. आणि मुलगा आला की माद्यांच्या बाजूची जाळी काढून तिथे पुठ्ठा किंवा फळी लावा. माद्यांचा वास समोरून येत राहिला तर सख्खे बापलेकही भांडतात. एकच खोली असेल तर खोलीची दोन टोकं वापरा.

सगळ्या मुलीच झाल्या तर भुऱ्याची नसबंदी हा मार्ग आहे. पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आजवर गिनीपिगवर किती केल्यात? आणि शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे त्याला माद्यांत सोडायचं नाही, तोवर तो नरच धरायचा. शहरातच सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारून पाहा.

———

तर्रीपोहे:

मी मानेवाड्याचा, चार उन्हाळे काढलेत यांच्यासोबत. ताई, ३२-३३ त्यांच्यासाठी फार आहे, त्यात पोटुशीला तर नाहीच. त्यांना घाम येत नाही. १८ ते २४ मध्ये ती सुखी असतात, २८ च्या पुढे धोका सुरू होतो. लांब पसरून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर ओल्या फडक्याने कान आणि पाय पुसून तडक डॉक्टरांकडे. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

सकाळी दहा ते रात्री दहा एसीच्या खोलीत, २५-२६ वर लावून. झोत अंगावर नको. लाइट गेली तर? त्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवलेल्या असू द्या, फडक्यात गुंडाळून कुंपणात ठेवायच्या. जुनं कवेलू (छपराचं कौल) किंवा माठाचं खापर मिळालं तर पाण्यात भिजवून, पुसून, एका कोपऱ्यात ठेवा. माझे दोघे दुपारभर त्यावर पोट टेकून पडतात. कूलरचं एक लक्षात ठेवा. त्याच्या ओलाव्याने सुकं गवत दमट होतं आणि बुरशी धरतं. हाताला ओलसर लागलं की टाकून द्या, गवत महाग असलं तरी.

———

खारूताई:

खाण्याचं राहिलं होतं. पोळी नको, भात नको, भिजवलेले चणेही नकोत. त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात ते फक्त गवताने. दिवसाच्या खाण्यातलं ऐंशी टक्के गवत असावं. हरळी उत्तम, फक्त जिथे फवारणी होत नाही आणि कुत्री फिरत नाहीत अशा जागेची. सासूबाईंना सांगा की पोळीऐवजी सांबाराच्या काड्या तुम्ही भरवा. काडी हातातून ओढून खाताना पाहिलं की त्या पोळी विसरतील.

माणसासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. एरवी किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम रोज, पोटुशीला ३० च्या खाली नको. ढोबळी मिरचीची एक जाड फोड, पेरूची लहान फोड, सांबार, यातून सहज मिळतं. पाण्यात टाकायचे थेंब विकत घेऊ नका, पाण्यात ते जीवनसत्त्व टिकत नाही. संत्र्याची एक फोड आठवड्यातून दोनदा पुरे, रोज दिलं तर आंबटाने ओठांना जखमा होतात. लसूणघास मिळत असेल तर बाळंतपणाआधी आणि अंगावर पाजते तोवर मूठभर द्या, नंतर बंद. मोठ्यांना त्यातल्या कॅल्शियमने मूतखडा होऊ शकतो.

आणि एक, कृपया कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा: अमॉक्सिसिलिन तोंडातून द्यायचं नाही. कुत्र्या-मांजरांना सर्रास चालतं, यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावर जातं. कोणतंही प्रतिजैविक लिहून दिलं तर 'हे गिनीपिगला चालतं ना?' एवढं विचाराच.

तिने एक वेळचं खाणं सोडलं तर वाट पाहू नका. कळा देताना पंधरा-वीस मिनिटं जोर करूनही पिल्लू आलं नाही तर तसंच उचलून न्या.

———

धागाकर्ती:

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू. काल संध्याकाळीच बारीक भोकांची जाळी लावली, दीड फूट उंच. दोन्ही कुंपणं एसीच्या खोलीत आली, आम्ही तिघं हॉलमध्ये कूलरसमोर झोपतो आणि सासूबाई त्यांच्या खोलीत. पहिल्या रात्री भुऱ्याने जाळी इतकी वाजवली की मी तीनदा उठले. आज गवताचे दोन ढीग जाळीला लावून ठेवले. दुपारी डोकावले तर दोघं अलीकडे-पलीकडे, पाठीला पाठ लावून झोपलेली, मध्ये फक्त जाळी. फ्रीजवर कागद लावला. सासूबाईंना खारूताईंनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, 'ती उभी राहिली नाही' इथपर्यंत. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःच सांबाराच्या काड्या धुऊन घेऊन आल्या.

———

धागाकर्ती (२५ एप्रिल):

काल पहाटे साडेपाचला तिळी बाळंत झाली. मी पाणी बदलायला गेले तर दोन पिल्लं आधीच बाहेर होती आणि ती तिसऱ्याची पिशवी दातांनी सोडवत होती. ओलं, डोळे उघडे, मिशा, नखं, सगळं जिथल्या तिथे. ते पिल्लू आधी शिंकलं. तासाभरात तिघंही अंग वाळवून आईमागे चालायला लागली आणि संध्याकाळी एक जण हरळीचं पातं तोंडात धरून बसलेलं. वजनं ९२, ८८ आणि ७४. तिळी खाते आहे, पाणी पिते आहे. जाळी लावली नसती तर काल सकाळी काय झालं असतं, हे मनातून जात नाही.

डॉक्टरांनी पाहिलं. ८८ वालं नर, बाकी दोन्ही माद्या. यावेळी मी स्वतःही पाहिलं, वाय आणि आय.

———

धागाकर्ती (१५ मे):

आज एकविसावा दिवस. पिल्लू २०५ ग्रॅम, लेकीने नाव ठेवलंय खसखस. कडुनिंब यांनी सांगितल्याप्रमाणे आज या नर पिल्लाला बापाकडे द्यायचं होतं. बाथरूमबाहेरच्या मोकळ्या जागेत, जिथे दोघांपैकी कुणाचाच वास नाही, टॉवेल अंथरून गवताचे तीन ढीग ठेवले आणि दोघांना सोडलं. भुऱ्याने सगळीकडून हुंगलं, घुर्र करत दोन फेऱ्या मारल्या, एकदा पाठीवर चढला. खसखस चिर्र ओरडलं आणि खाली बसलं. मी टॉवेल हातात धरून उभी, लेकीने माझं मनगट घट्ट पकडलेलं. मग भुऱ्या वळला आणि खायला लागला. पाच मिनिटांनी पिल्लू उठलं, त्याच ढिगाशी गेलं आणि बापाच्या हनुवटीखालची काडी ओढून घेतली. त्याने ओढू दिली.

तीन तास तिथेच ठेवलं, मग धुतलेल्या कुंपणात नेलं. माद्यांच्या बाजूला फळी लावली आहे. आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, दोघं एकाच खोक्यात आहेत. खोलीत २५. बाहेर अजून गरम वारा आहे.

एकच विचारायचं राहिलं. फळीपलीकडे तिळी अधूनमधून वीक करते आणि इकडून भुऱ्या उत्तर देतो. हे असंच चालू राहिलं तर बापलेकांच्या भांडणाचं कारण होईल का, की नुसता आवाज चालतो?

———

कडुनिंब:

आवाज चालतो. बोलू द्या.